बुडाल्या की बुडविल्या?

‘बिडलागिदे’ आणि ‘बिडलागुवुदु’. कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात नदीकाठी राहणाऱ्या मराठी माणसाला जुलै-ऑगस्टात या दोन कानडी शब्दांतला फरक कळावाच लागतो. ‘नीरु बिडलागिदे’ म्हणजे पाणी सोडलेलं आहे. ‘नीरु बिडलागुवुदु’ म्हणजे सोडलं जाईल. फरक शेवटच्या दोन-तीन अक्षरांचा, पण जनावरं सोडवून उंचावर न्यायला एक रात्र हातात आहे की नाही, हे त्या अक्षरांवर ठरतं. घरातली शाळकरी पोर मोबाइलवरची कानडी सूचना वाचते आणि आजीला सांगते, “पाणी सोडणार आहेत.” दारातली शेजारीण ऐकते आणि पुढच्या गल्लीत सांगते, “पाणी सोडलंय.” तिसऱ्या गल्लीत तेच होतं, “पूर येऊलाय!” सूचना एक, क्रियापदं तीन, आणि तिन्हींचे काळ वेगळे.

आकड्यांचंही तसंच. क्युसेक म्हणजे वेग, सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतं ते. टीएमसी म्हणजे साठा, हजार दशलक्ष घनफूट. एक लाख क्युसेकचा विसर्ग पूर्ण चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी जातं. त्यामुळे ‘एक लाख टीएमसी सोडलं’ असा निरोप आला, तर अख्ख्या आलमट्टी धरणाची क्षमता १२३ टीएमसी आहे एवढं ठाऊक असलेला माणूस तो पुढे पाठवत नाही. पण बहुतेक वेळा घात आकडा करत नाही, तारखेचा अभाव करतो. दोन वर्षांपूर्वीचा निरोप यंदा फिरतो, त्यावर ना दिनांक, ना धरणाचं नाव, ना सांगणाऱ्याचं. ‘धरणातून’ असं मोघम म्हटलेलं असतं. कुठल्या? काळम्मावाडीतून सुटलेलं पाणी दूधगंगेला येतं, हिडकलचं घटप्रभेला. कारदगा-भोजच्या माणसाला पहिलं कामाचं, गोकाकच्या माणसाला दुसरं.

कोण बोलतंय, कुणाशी, कधी, कुठल्या क्रियापदात, आणि काय सांगायचं राहिलं? साहित्याचा चांगला शिक्षक कवितेला हेच पाच प्रश्न विचारतो. वर्षानुवर्षं विचारतो, आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं त्यांना कंटाळतात.

तरीही संकट आलं की सगळ्यात आधी गुंडाळला जातो तो हाच अभ्यास. ‘घरात गुडघाभर चिखल आणि तुम्ही कविता कसल्या वाचताय?’ प्रश्न रास्त आहे. पहिल्या आठ-दहा दिवसांत त्याचं प्रामाणिक उत्तर ‘वाचू नका’ हेच. त्या दिवसांत पिण्याचं पाणी, कोरडे कपडे, जनावरांचा चारा आणि चिखलात दडलेले साप हेच विषय. वाचनाची वेळ येते साधारण तिसऱ्या आठवड्यात. मदतीच्या गाड्या बंद झालेल्या असतात, फोटो काढून झालेले असतात आणि घरोघरी कागद भरायला सुरुवात झालेली असते. नेमकं तेव्हाच माणसाचं बोलणं आटतं.

ते कसं आटतं ते २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर सीमाभागात पाहायला मिळालं. पंचनामे झाले. कुटुंबाला तातडीची मदत दहा हजार, पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख, आणि नुकसान किती त्यावरून ए, बी, सी असे गट. कागदाला रकाने लागतात, त्यात कुणाचा दोष नाही. भिंती किती पडल्या, जनावरं किती गेली, धान्य किती पोती. पण चार वेळा तोच कागद भरलेला माणूस हळूहळू स्वतःचं दुःखही रकान्याच्या भाषेत सांगू लागतो. ‘कसं काय चाललंय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘आमचं बी मध्ये बसलं.’ एवढंच. घर कुणी बांधलं होतं, चौकट कुठल्या लाकडाची होती, माजघरातल्या भिंतीवर पोरांची उंची कुठवर खुणावली होती, याला रकाना नाही, म्हणून ते बोलण्यातूनही जातं.

अशा वेळी गावात वाचनाची बैठक घ्यायची. तिथे समोर ठेवायचा मजकूर साडेतीनशे-पावणेचारशे वर्षं जुना आहे. १६३० च्या सुमाराला दख्खनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला, त्यात तुकारामांचं घर उद्ध्वस्त झालं. ‘याती शूद्र वंश केला वेवसाव’ या आत्मपर अभंगात त्यांनी तो दुष्काळ एका ओळीत घातला आहे:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

ही ओळ सावकाश वाचायची. घाई केली तर ती ‘तुकारामांनी खूप दुःख सोसलं’ एवढ्यावर संपते. आधी ‘आटिलें’ बघा. आटतं ते विहिरीचं पाणी, गाईचं दूध. इथे पैसा आटला आहे. पाऊस आणि पैसा एकाच क्रियापदात आल्यामुळे दुष्काळाचं सगळं अर्थशास्त्र त्या एका शब्दात बसतं. मग ‘नेला मान’. मान आटला नाही, नेला. कुणीतरी येऊन उचलून न्यावा तसा. द्रव्याला पंचनाम्यात रकाना आहे, मानाला नाही. इथवर आलं की बैठकीतलं कुणीतरी न सांगता बोलायला लागतं: मदतीच्या रांगेत उभं राहणं, कुणाची तरी जुनी साडी नेसणं, पाहुण्यांच्या घरी महिनाभर राहणं. कागदावर न लिहिलेल्या या नुकसानीला इथे पहिल्यांदा नाव मिळतं.

पुढचा अर्धा भाग आणखी अवघड. ‘स्त्री एकी’. दोन बायकांपैकी एक. नाव दिलेलं नाही. तिच्या तोंडचा एकच शब्द ओळीत आला आहे आणि तो दोनदा आला आहे: अन्न अन्न. मोठ्यानं वाचताना हा शब्द एकदाच म्हणून पाहावा, मग दोनदा. छंद बिघडतो हे कुणालाही कळतं, पण छंदापलीकडेही काहीतरी बिघडतं. आणि त्यानंतर लगेच येतं ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’. शोक नव्हे, लाज. का? इथे थांबायचं, उत्तर सांगून टाकायचं नाही. बहुधा एखादं दुकानदाराचं माणूसच सांगतं: बोलणारा वाणी आहे, दुकानदार. ज्याच्या घरात धान्य मापलं जायचं, त्याच्या घरात अन्नावाचून मरण. म्हणून लाज. पहिल्या ओळीतला ‘केला वेवसाव’ तिथे येऊन टोचतो.

सूचना वाचता याव्यात एवढ्यासाठी साहित्य शिकायचं असतं तर व्याकरणाचं पुस्तक पुरलं असतं. वाचणाऱ्याला स्वतःच्या नुकसानीसाठी शब्द सापडणं, तेही दुसऱ्याच्या शब्दांवरून हात फिरवता फिरवता, हे काम व्याकरणाच्या पुस्तकानं होत नाही. आणि हे काम धीर देण्याचंही नाही. धीर देणारे पुष्कळ असतात, त्यांची गाडी संध्याकाळी परत जाते.

आता हे करायचं कसं, ते तपशिलात सांगणं भाग आहे, कारण चांगल्या हेतूनं सुरू झालेल्या बहुतेक बैठका दुसऱ्या आठवड्यात मरतात आणि त्यांच्या मरण्याची कारणं ठरलेली असतात.

माणसं आठ ते बारा. पंधराच्या वर गेली की ते व्याख्यान होतं, सहाच्या खाली आली की दोनच जण बोलतात. जागा देवळाचा मंडप, वाचनालय, तालीम, काहीही चालेल. फक्त ध्वनिक्षेपक नको. हातात माइक आला की साधा माणूसही ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणायला लागतो. वेळ नव्वद मिनिटं, घड्याळ समोर ठेवून. मजकूर एका कागदात मावणारा. अक्षर मोठं, सोळा-अठरा पॉइंटचं, कारण वीज असेलच असं नाही आणि आजींचा चष्मा पुरात गेलेला असू शकतो. ओळींना क्रमांक घालायचे, नाहीतर ‘ते कुठं हो, खाली, तिथं’ करण्यात दहा मिनिटं जातात. उजवीकडे तीन बोटं समास. तळाशी जुन्या शब्दांचे अर्थ, पण चार-पाचच. सगळेच दिले तर लोक अर्थ वाचतात, अभंग वाचत नाहीत.

वाचन तीनदा. पहिलं सरळ, बातमी वाचावी तसं. दुसरं भजनी मंडळातल्या कुणाकडून चालीत. सीमाभागातल्या गावागावांत हरिनाम सप्ताह आणि पारायणं चालतात, म्हणजे मजकूर लोकांच्या तोंडात आधीच असतो. ही केवढी तयार शिदोरी आहे आणि आपण ती अभ्यासाला क्वचितच वापरतो. पारायणात ओवी थांबत नाही, थांबायची नसतेच. अभ्यासात थांबायचं असतं, एवढाच फरक. तिसरं वाचन मनात, पेन्सिल हातात घेऊन, अडलेल्या शब्दाखाली रेघ ओढत.

त्यानंतरची वीस मिनिटं मत द्यायला बंदी. फक्त ‘इथं काय म्हटलंय’ एवढंच. हा नियम सगळ्यात जास्त मोडतात ते निवृत्त गुरुजी. त्यांना पहिल्या मिनिटाला ‘यातून आपण काय बोध घ्यायचा’ हे विचारायचं असतं. त्यांचा दोष नाही. शाळेत ‘प्रस्तुत कवितेत कवीने’ या तीन शब्दांनी सुरू होणारी उत्तरं पिढ्यान् पिढ्या लिहून घेतली गेली आणि त्या उत्तरांत कवितेतली एकही ओळ उद्धृत न करता पूर्ण गुण मिळत राहिले. गाइडची ही सवय अंगातून जायला तीन-चार बैठका लागतात. यावर साधा उपाय आहे: बोलणाऱ्यानं ओळीचा क्रमांक सांगितल्याशिवाय वाक्य सुरू करायचं नाही. ‘सातव्या ओळीत...’ म्हटलं की बोध आपोआप लांबणीवर पडतो.

शब्दांच्या बाबतीत ठरलेला एक खड्डा याच अभंगात आहे. ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें’. आजचा विद्यार्थी लगेच म्हणतो, संतांनी प्रश्नांची उत्तरं दिली होती, ती तुकारामांनी पाठ केली. जुन्या मराठीत ‘उत्तर’ म्हणजे बोल, वचन. प्रश्नाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. हे एकदा कळलं की आधीची ओळ उजळते: ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. दुष्काळात घर गेल्यावर हा माणूस काय करतो, तर मोडकं देऊळ दुरुस्त करायला घेतो, एकादशीला कीर्तनाला उभा राहतो आणि आधीच्यांचे बोल पाठ करायला बसतो. संकटकाळात साहित्याचा अभ्यास, याचं मराठीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी मिरवलेलं टिपण हेच असावं.

मजकूर निवडताना चुकलं तर मात्र नुकसान होतं, नुसती बैठक फसत नाही. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ हाही तुकारामांचाच अभंग. मदत घेऊन आलेल्या कुणीतरी छावणीत हा वाचून दाखवावा आणि संकटातही चांगलं बघा म्हणावं, यासारखा क्रूरपणा नाही. ते ‘बरें’ ज्याचं दिवाळं निघालं त्यानंच म्हणायचं असतं, आणि तेही आपल्या देवाशी, एकांतात. दुसऱ्यानं त्याला ऐकवायचं नसतं. कोण बोलतंय हा प्रश्न किती महत्त्वाचा, हे एवढ्या एका ओळीवरून शिकवता येतं.

आपल्या भागातले लेखक म्हणून जी. ए. कुलकर्णींची कथा घ्यावी असं कुणीतरी हमखास सुचवतं. जन्म एकसंब्याचा, म्हणजे घरचेच. पण त्यांची कथा नव्वद मिनिटांत उरकत नाही आणि अर्धवट सोडली तर अंधार तेवढा उरतो. ती सहाव्या-सातव्या बैठकीसाठी ठेवावी. बेळगावात हयात घालवलेल्या इंदिरा संतांची कविता मात्र लवकर घेता येते. पती १९४६ साली गेले, पुढची सारी वर्षं नोकरी, मुलं आणि कविता. त्यांच्या कवितेत दुःखाचं नाव क्वचित येतं, घरातल्या वस्तू येतात. पुरात वस्तू गेलेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आणि निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारे महादेव मोरे: त्यांची माणसं गॅरेजमधली, तंबाखूच्या वखारीतली. गावातला वाचक ती वाचताना भाषेवर अडत नाही, उलट लेखकाला दुरुस्त करू पाहतो. तेही होऊ द्यावं.

एक बैठक कानडीसाठी हवीच. इथल्या मुलांना ती शाळेत शिकावी लागते आणि वादाच्या दिवसांत तिच्याबद्दल घरात काय काय बोललं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९५६ च्या नोव्हेंबरपासून हा भाग महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात जगतो, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, २०२२ च्या डिसेंबरात दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या होत्या. वाद आपल्या जागी. कानडी संतकवी बसवण्णांचं एक वचन देवनागरीत लिहून मराठी अभंगाच्या बाजूला ठेवायचं:

उळ्ळवरु शिवालयव माडुवरु, नानेन माडुवे बडवनय्या.
एन्न काले कंब, देहवे देगुल, शिरवे होन्न कळशवय्या.

ज्यांच्याकडे आहे ते शिवालय बांधतात. मी गरीब काय करू? माझे पाय खांब, देह देऊळ, डोकं सोन्याचा कळस. ‘कंब’ ऐकताच ‘खांब’ आठवतो. ‘देगुल’ आणि ‘देऊळ’ दोन्ही ‘देवकुल’चे. ‘होन्न’ म्हणजे सोनं, आणि शिवकालीन ‘होन’ तिथूनच आला. म्हणजे निम्मं वचन मराठी माणसाला न शिकता कळतं, आणि उरलेलं बैठकीतली आठवीतली मुलगी सांगते. शिकवणारं माणूस बदललं की खोलीतली हवा बदलते, हा तर वेगळाच फायदा. मग दोन्ही मजकूर एकमेकांना भिडवायचे: तुकाराम मोडलेलं देऊळ बांधायला घेतात, बसवण्णा बांधण्यालाच प्रश्न विचारतात. वचनाचा शेवट ‘स्थावरक्कळिवुंटु, जंगमक्कळिविल्ल’, स्थिर असेल त्याला नाश आहे, चालतं असेल त्याला नाही. हे कुडलसंगमच्या देवाला उद्देशून म्हटलेलं आहे. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी आपली मलप्रभा जिथे कृष्णेला मिळते तेच ते कुडलसंगम, आणि तिथला बसवण्णांचा ऐक्यमंडप, म्हणजे समाधिस्थान, धरणाच्या पाण्यापासून वाचवायला भोवती विहिरीसारखी गोल भिंत बांधावी लागली. स्थावराचं काय होतं त्याचा नमुना नदीच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे.

साहित्य संमेलनांविषयी एक तक्रार इथे नोंदवायला हरकत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, बेळगुंदी, कारदगा: एवढ्याशा पट्ट्यात एवढी ग्रामीण संमेलनं भरवणारा दुसरा मराठी मुलूख नसेल. ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कळस घेऊन चालतात, दुपारी पंगत उठते. १९४६ च्या बेळगाव संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून इथे संमेलन म्हणजे भाषेचं अस्तित्व सांगण्याची जागा आहे, आणि ती हवीच. पण दिवसभराच्या चार सत्रांत प्रत्यक्ष मजकूर वाचला जातो तो कविसंमेलनात, तोही दाद देण्यापुरता. दिंडीत पालखीतून मिरवलेला ग्रंथ संध्याकाळी न उघडताच कपाटात परत जातो. एक सत्र, एक कागद, नव्वद मिनिटं. मांडवात चारशे माणसं असली तर बारा-बाराचे गट करून. गोंधळ होईल, होऊ दे.

पुराचं पाणी वाचनालयात शिरलं असेल तर पुस्तकांचं आधी बघावं लागतं. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. चिखलानं माखलेलं पुस्तक उघडायचं नाही. मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात हलकेच धुवायचं, नाहीतर चिखल पानांत शिरतो. मग दर पंधरा-वीस पानांमागे शाई न लागणारा कोरा टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यात उभं करायचं. कागद ओला झाला की बदलायचा. उन्हात टाकलं की पानं वाकडी होतात आणि बांधणीचा गोंद तडकतो. घाईत नेमकं हेच केलं जातं. गुळगुळीत, चकाकत्या कागदाची पुस्तकं वाळताना वीट होऊन चिकटतात, त्यांत पानागणिक कागद घालावा लागतो, तोही ती ओली असतानाच. सगळं वाचत नाही. जे बाजारात पुन्हा मिळेल ते सोडून द्यायचं, आणि गावच्या संमेलनांच्या स्मरणिका, हस्तलिखित भजनाच्या वह्या, जुनी दप्तरं आधी उचलायची.

वह्यांवरून पुन्हा त्याच अभंगाकडे. शेवटाकडे ओळ येते: ‘बुडविल्या वह्या बैसलों धरणें’. नदीकाठच्या गावात ही ओळ वाचली की सगळे मान हलवतात, कारण सगळ्यांच्या वह्या बुडालेल्या असतात. तिथेच ओळीवर बोट ठेवून थांबवायचं. ‘बुडाल्या’ नाही, ‘बुडविल्या’. आपोआप झालेलं नाही, कुणीतरी केलेलं आहे. कुणी? लोकपरंपरा नाव सांगते, अभंग सांगत नाही. आधीच्या ओळीत फक्त ‘निषेधाचा कांहीं पडिला आघात’ एवढंच आहे. करणाऱ्याचं नाव गाळून केलेल्याचं क्रियापद मात्र शाबूत ठेवलं आहे.

यानंतर चर्चा अभंगावर राहत नाही. २०१९ ला आपलं गाव बुडालं की बुडवलं? पाऊस, धरणाचे दरवाजे, पुलाचे भराव, नदीच्या पात्रापर्यंत गेलेला आपलाच ऊस. प्रत्येकाचा कर्ता वेगळा असतो आणि आवाज चढतो. घड्याळात नव्वद मिनिटं झालेली असतात. निकाल लावायचा नाही. कागद उलटा करायचा आणि कोऱ्या बाजूवर प्रत्येकानं त्या दिवसांबद्दल एकच वाक्य लिहायचं: कर्ता, कर्म, क्रियापद. कर्ता कोण ते ठाऊक नसेल तर तेवढी जागा मोकळी सोडायची, ‘पाण्याने’ लिहून भरायची नाही.